बायजा तालावरचा वर्ग

माधवगंजातल्या सुधाताई चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या नातीने, अंतराने, कॉलेजच्या आठ-दहा मैत्रिणींना रविवारी सकाळी बायजा ताल या तलावावर बोलावलं. "आमची आजी सगळा इतिहास सांगेल," असं कबूल करून बसली होती.

पण काठावर व्यायामवाल्यांचं गाणं दणादण वाजत होतं. सुधाताईंचं बोलणं कोणालाच ऐकू जाईना. पाचेक मिनिटांत मुलींनी मोबाइल काढले.

"राहू दे ग," सुधाताई म्हणाल्या. "कोणाला हवंय आता हे?"

अंतरा खजील झाली. "चल, बोटीत फिरवते तुला. मूड ठीक हो जाएगा."

तलावाच्या मध्यावर, पाण्यावर तरंगणाऱ्या रंगमंचाजवळ पोचल्या आणि बोटीचं पेडल अडकलं. दोघींनी पाय दुखेपर्यंत जोर लावला, ते हललं नाही. बोट सरकत मंचाला टेकली तशी अंतराने आजीला हात देऊन वर चढवलं.

"ताई, तिथंच थांबा! दोर घेऊन येतो!" बोटवाले उमाजी काठावरून ओरडले.

तेवढ्यात गाणं थांबलं. मुली कठड्याशी जमून हसत होत्या. सोनिकाने हाक मारली, "आजी, ये बायजा थी कौन?"

सुधाताईंनी पदर खोचला.

"बायजाबाई! दौलतराव शिंद्यांची राणी! ते गेल्यावर राज्य तिनं चालवलं!" पाण्यावरून आवाज खणखणीत गेला. "घोड्यावर पक्की मांड होती तिची. इंग्रज बायका दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसतात, याचं तिला हसू यायचं!"

काठावर हशा पिकला. फिरायला आलेली माणसं थांबली.

"आणि तो समोरचा मोतीमहाल! तेव्हाच्या मध्यभारत राज्याचं सचिवालय होतं तिथं. माझे वडील कारकून. मी दुपारी त्यांचा डबा घेऊन याच काठाने जायची, आणि अर्धी पोळी वाटेतच खायची!"

उमाजी होडीतून दोर घेऊन आले होते, पण वल्हं मांडीवर ठेवून ऐकत राहिले. शेवटी भानावर येऊन म्हणाले, "ताई, एवढी वर्षं इथं बोटी चालवतो, हे कोणी सांगितलंच नव्हतं. न्यायला आलोय, पण घाई नाही."

"मग बसा," सुधाताई म्हणाल्या. "अजून बरंच बाकी आहे."