उपाशीपोटी घेतलेली गोळी

बघता बघता भैयाजींचा चेहरा लालबुंद झाला. कान तर अस्से तापले, की पाणी शिंपडलं असतं तर चर्र झालं असतं!

"अवं, अंगाची आग होऊन राह्यली! मुंग्या चावतेत जशा!"

त्यांची बायको सीताबाई चूल सोडून धावली. "बिबा उतला वाटते! काल त्याच्या रसानं कपड्यांवर खुणा करत होते न तुम्ही? थांबा, खोबरं वाटून लावते."

"बिबा नाई, ह्या गोळ्या! नागपूरच्या डॉक्टरनं इख देलं मले." भैयाजी गोळ्यांची बाटली ओतून द्यायला मोरीकडे निघाले.

त्यांची नववीतली लेक कोकिळा मोरीसमोर आडवी उभी राहिली. मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, काम करता करताच छाती धरून गेले होते. बाबांच्याही रक्तात कोलेस्टेरॉल नावाची चरबी फार साचली होती, आणि हे नवं औषध ती उतरवतं, नेमकं कसं ते अजून शोधणं चालू आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. कोकिळानं त्यांना प्रश्न विचारून भंडावलं होतं.

"बाबा, गोळीनं कातडीतल्या बारीक नळ्या फुगतात, म्हणून लाल होते! जेवल्यावर घ्या म्हणे. काय खाल्लं तुम्ही?"

"चतुर्थी हाय. काय खाईन?"

"उपाशी? म्हणूनच!"

"डॉक्टरीण झाली काय? सरक!"

कोकिळा सरकली नाही. पण डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं: औषध कधी यकृताला बाधतं, डोळे पिवळे दिसले तर बंद करा, तडक या. तिनं बाबांना हाताला धरून दाराच्या उजेडात ओढलं. पापण्यांवर चरबीच्या पिवळ्या गाठी, त्या जुन्याच. आणि बुबुळाभोवती? तिनं खालची पापणी ओढून पाहिलं. पांढरं. पांढरंच!

"लाली उतरेपर्यंत थांबा. नाई उतरली तर मीच फेकते!"

तिघं ओसरीत बसले. सीताबाईच्या हातातलं खोबरं वाळायला लागलं. कोकिळाची नजर बाबांच्या मानेवरून हलत नव्हती. किती वेळ गेला कोण जाणे. कपाळ निवलं, मग गाल, शेवटी मान.

भैयाजींनी गळ्यावरून हात फिरवला. बाटली अजून मुठीत होती. तिचं झाकण त्यांनी घट्ट केलं.

"चंद्र उगवला का जेवतो, मंग घेतो." आवाज एकदम खाली आला. "पण पोरी, तवा तू जवळ बसजो."