डाव्या डोळ्यातलं काळं

माझा नवरा वाईट माणूस नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकल्यावर कुणीही मला तेच विचारेल, आणि मला अजून स्वतःलाही धड उत्तर देता आलेलं नाही.

तो छापखान्यात रंग जुळवतो, मी घरी कपडे शिवते. मुलगी दोन वर्षांची. गालात खाऊ साठवून ठेवते म्हणून तिला सगळे खारू म्हणतात. घरातला चौथा जीव म्हणजे कॅमेरा. त्याला स्वतंत्र कपाट, आत दमट हवा शिरू नये म्हणून त्यात वेगळं यंत्र. आम्ही तिघं मात्र एका खोलीत. लेन्स तर हा तळहातावरच्या फोडासारखी जपायचा. किंमत मी एकदाच विचारली होती. "हौसेला मोल नसतं," म्हणाला. म्हणजे मोल भलतंच होतं, हे मी ओळखलं.

लेन्सला कुणी नाव ठेवलं की ह्याचा पारा चढायचा. कॅमेरेवाल्यांच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, लेन्स एवढी महागाची आणि फोटो बघावे तर साधेच. त्यावर हा दोन दिवस जेवताना त्या माणसाला उत्तरं देत होता. "कोल्ह्याला द्राक्षं आंबट," हे तर मी ताटात वाढल्यासारखं रोज ऐकलं.

खारूच्या दुसऱ्या वाढदिवसाला माझा दादा आला. आपल्या तडकलेल्या काचेच्या फोनवर त्याने फ्लॅश मारून तिचा फोटो काढला आणि बघतच राहिला. उजवा डोळा काळाभोर. डाव्या डोळ्याची बाहुली मात्र पांढरी, अंधारात मांजराच्या डोळ्यावर उजेड पडावा तशी.

"ही काय भानगड?" दादा म्हणाला.

"भानगड तुमच्या फोनची आहे, दादा. खेळणं आहे ते. थांबा, फोटो कशाला म्हणतात ते दाखवतो." नवऱ्याने लॅपटॉप आणला. गेल्या महिन्यातला फोटो. दोन्ही डोळे काळे, त्यात उजेडाचे दोन ठिपके.

"मानलं बुवा, जावईबापू. आमचं आपलं गरिबाचं."

सगळे हसले. "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं," असं मी नवऱ्याला चिडवलं, पण मनातून मला त्याचंच पटलं. त्याने लॅपटॉप लगेच मिटला, हे मला आज आठवतं.

आठवड्याने मी चष्मा करायला गेले, सुई ओवता येईना म्हणून. नवी काच डोळ्यावर ठेवून चष्मेवाले म्हणाले, "काहीतरी बारीक बघा." मी दादाने आणि नवऱ्याने पाठवलेले ते दोन्ही फोटो फोनवर उघडले आणि गंमत म्हणून त्यांनाही दाखवले, हा दादाचा फोन आणि हा आमचा शाही कॅमेरा. चष्मेवाले हसले नाहीत. दादाचा फोटो त्यांनी मोठा करून पाहिला.

"पोर कुठे आहे?"

"घरी, बापाजवळ."

"आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. उद्या नको." आणि त्यांनी स्वतःच डॉक्टरांना फोन लावला. मी नवऱ्याला कळवलं, खारूला घेऊन ये, आणि लॅपटॉपही आण.

दवाखान्यात डोळ्यांत औषध घातलं, तेव्हा खारू रडून रडून लाल झाली. मी तिचं डोकं धरून ठेवलं होतं. डॉक्टरबाईंनी बराच वेळ पाहिलं, मग दिवा बंद केला.

"डोळ्याच्या आत गाठ आहे. हे पांढरं कधीपासून दिसतंय?"

"एकाच फोटोत दिसलं, तेही भावाच्या फालतू फोनवर," मी म्हणाले. "ह्याच्या कॅमेऱ्यातले बघा ना, दोन्ही डोळे स्वच्छ आहेत. एवढा महागाचा कॅमेरा, त्यात दिसलं नसतं का?" आयुष्यात पहिल्यांदा मी त्या कॅमेऱ्याची बाजू घेत होते. ते फोटो खरे ठरावेत, एवढंच मला हवं होतं.

नवऱ्याने लॅपटॉप उघडला, पण डॉक्टरांकडे फिरवला नाही.

"ते फोटो दुरुस्त केलेले आहेत," तो म्हणाला.

"म्हणजे?" मी विचारलं.

मग त्याने सांगितलं. दहा महिन्यांपूर्वी पहिल्यांदा तो पांढरा ठिपका आला. त्याला वाटलं, लेन्सचा दोष. दोनदा दुकानात पाठवली, दोन्ही वेळा लेन्स चांगली आहे म्हणून परत आली. ग्रुपवर विचारायची सोय नव्हती, लोक हसले असते. म्हणून प्रत्येक फोटोत त्याने उजव्या डोळ्यातलं काळं उचलून डाव्यात चिकटवलं. इतकं सफाईने, की कापडातला चुकलेला टाका दुरून ओळखणाऱ्या मलाही कळलं नाही.

मूळ फोटो त्याने जपून ठेवले होते. खाली तारखा. झोक्यावर, पाण्याच्या टबात, माझ्या मांडीवर. प्रत्येकात डावा डोळा पांढरा.

"दहा महिन्यांपूर्वी कदाचित डोळा वाचवता आला असता," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "आता तिचा जीव वाचवू या."

मी ओरडलेच. "दुकानदार दोनदा म्हणाला लेन्स चांगली आहे! मग वाईट काय आहे, असं एकदा तरी मनात आलं नाही तुझ्या?"

"नाही आलं," तो म्हणाला. तो खरं बोलत होता, आणि म्हणूनच माझ्या अंगावर काटा आला.

डोळा काढला. खारू वाचली. डावीकडच्या दारांना धडकते, रडते, पुन्हा पळते. दोन महिन्यांनी आम्ही कृत्रिम डोळे बनवणाऱ्या कारागिराकडे गेलो.

"उजव्याबरहुकूम डावा रंगवायचा," ते म्हणाले. "पोर एका जागी बसत नाही, तेव्हा घरी चांगला कॅमेरा असेल तर जवळून फोटो पाठवा. फक्त त्यात काही सुधारणा करू नका. लोक हौसेने करतात, आणि माझा रंग चुकतो."

नवऱ्याने खाली बघत मान हलवली.

घरी त्याने कपाट उघडलं. कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला. पुन्हा लावला, पुन्हा खाली घेतला. मग माझ्यापुढे धरला.

"तू काढ. पाठवही तूच."

इतक्या वर्षांत त्याने मला कॅमेऱ्याला बोट लावू दिलं नव्हतं. वाटलं होतं त्याहून तो जड निघाला. खारू माझ्याकडे बघून हसली. मी बटण दाबलं.

फोटो अगदी स्वच्छ आला. पापणीचा केस न् केस वेगळा दिसत होता. लेन्समध्ये काहीच दोष नव्हता.