अठरा गज

पिंजरा पाण्यातून वर येतो तेव्हा त्याचा एक गज कमी झालेला असतो आणि शार्क तेवढ्याच मापाने लांब झालेला असतो. गज सव्वा मीटरचा आहे. पहिल्या दिवशी पिंजऱ्याला अठरा गज होते आणि शार्क चार मीटरचा होता.

पिंजऱ्यात माझी ताई आहे.

खरं तर मी उतरणार होते. ग्रेट व्हाइटच्या पाठीवरच्या पराला खाचा असतात, त्या खाचांवरून एकेक शार्क ओळखता येतो. प्रबंधासाठी मला त्यांचे फोटो हवे होते. पण मला सर्दी होती आणि कान ठणकत होते. ताई म्हणाली, "दे इकडे कॅमेरा. पिंजऱ्यात काय, पोहावं लागत नाही." तिला पोहता येत नाही.

होडी भिवा तांडेलांची. निवतीच्या दीपगृहापलीकडे त्यांनी नांगर टाकला आणि माझ्या हातात वही दिली. उतरताना गज मोजायचे, लिहायचे. वर आल्यावर परत मोजायचे.

"वहीत जितके, तितके वर येवक होये," ते म्हणाले. "मगेच कडी काढूची."

पहिल्यांदा पिंजरा वर आला तेव्हा ताई हसत होती. केसांतून पाणी गळत होतं. "अगं, केवढा आहे तो! काढ लवकर, गारठले."

मी मोजले. सतरा.

"अठरा लिही ना," ताई म्हणाली. "कोण बघतंय?"

मी सतरा लिहिलं, कारण सतरा होते.

भिवाकाकांनी वहीत बघितलं. "जुळणा नाय," म्हणाले आणि कप्पीचा दोर सोडला. हरवलेला गज खालीच असणार, तो घेऊन वर यायचं, असा नियम होता.

सहाव्या खेपेला शार्क होडीपेक्षा लांब झाला. तेव्हापासून तो होडीखाली आडवा असतो. डाव्या बाजूला वाकलं की डोकं दिसतं, उजव्या बाजूला शेपूट. ताईचं हसणं त्याआधीच थांबलं होतं. ती आता वर आल्यावर फक्त माझ्या ओठांकडे बघते.

गज कमी झाला की उरलेले सरकून अंतर समान वाटून घेतात. सहा उरले तेव्हा मी टेप लावली. दोन गजांमधली फट चौसष्ट सेंटिमीटर.

"ताई, यातून निघ. सहज निघशील."

तिने खांदा घातला. तो अडकला. मी टेप तिच्या हातात दिली. तिने आतून मोजलं, दोनदा. वीस. पहिल्या दिवशी होती तेवढीच.

"फटीतसून माणूस येणा नाय, बाय," भिवाकाका बिडी पेटवत म्हणाले. "मासो जाता."

पुढच्या खेपेला मी पाठ फिरवून बसले. मोजलंच नाही. पाणी निथळल्याचा आवाज आला, मग ताईचा. "छोटे, या वेळी एकही गेला नाही! सहाच आहेत!"

मला रडू आलं. म्हणजे गज शार्क नेत नव्हता.

"किती?" भिवाकाकांनी विचारलं.

"मोजले नाहीत."

"मगे कडी कशी काढू?" दोर सुटला.

त्यानंतरच्या खेपेला मी न बघता अठरा लिहिलं. भिवाकाकांनी वही उघडलीसुद्धा नाही. "आता खोटा लिवन काय उपयोग? वहीक सगळा ठावक आसा."

मी डोळे बांधून घेतले. पण गजांवरून पाणी टपकतं, आणि प्रत्येक गजावरून वेगळं टपकतं. मी कान झाकले. मग पिंजरा होडीला घासून वर येताना एकेक गज फळीवर आपटायचा, तो तळपायांना कळायचा. पाच. चार. तीन. ताई पाण्यातून ओरडायची, "मोजू नकोस गं!" आणि मी म्हणायचे, "नाही मोजत," आणि ते खरं नसायचं.

आज पिंजरा वर आला तेव्हा छत दोराला लटकलेलं होतं आणि तळ कशालाच लटकलेला नव्हता. मध्ये ताई वाकून उभी होती. तिच्यासमोर दार होतं. दाराला कडी होती. होडीखाली शार्कने कूस बदलली. चावण्याआधी ग्रेट व्हाइट डोळे मागे फिरवतो. त्याचा डोळा पांढरा झाला होता.

"किती?" भिवाकाकांनी विचारलं.

गज होते त्या जागेकडे बघायचं नाही, असं मी ठरवलं होतं. म्हणून मी ताईच्या हातांकडे बघत होते. दोन्ही हातांनी तिने हवा घट्ट धरली होती, बोटं पांढरी पडली होती.

"छोटे," ती हळूच म्हणाली, "तुझे ओठ हलतायत."

माझी नऊ मोजून झाली होती. दहावं बोट सापडत नव्हतं.