मागच्या बाजूचं वर्ष

बांबूला शेंडा ठेवायचा नाही, ही त्या डोंगरउतारावरची रीत. एप्रिलात कोंब खणताना काही जातिवंत कोंब वाढायला राखायचे. मे महिन्यात ते उंच झाले की बुंधा धरून गदागदा हलवायचे, म्हणजे कोवळा शेंडा वरच्या वर तुटून पडतो. मग अंगावर वर्ष कोरायचं, खाली निवडणाऱ्याचं नाव. सात वर्षं भरली की कापायचा, नाहीतर जमीन कोंब देईनाशी होते. आणि ज्याच्यावर वर्षच नाही, त्याचं वय कोण सांगणार?

इसाकुच्या बनात, वरच्या कोपऱ्यात, असे पाच बांबू होते. त्याच्या एकुलत्या एका मुलानं, तेप्पेईनं, ते बापाला न विचारता राखले आणि हलवलेही. इसाकुचं डोकं फिरलं. "इथं तुझी अक्कल पाजळू नकोस. या पाचांवर वर्ष पडणार नाही," म्हणाला. आणि तडक खाली उतरला. पोरगं घटकाभर वरच थांबलं, मग उतरून मोटरसायकल घेऊन निघालं आणि नदीच्या पुलावर ट्रकखाली गेलं.

तेव्हापासून दर वसंतात, भर दुपारी, वारा पडलेला असताना त्या कोपऱ्यात कुणीतरी बांबू हलवायचं. वाऱ्याची सळसळ कुठली आणि माणसाच्या हातांची कुठली, हे इसाकुला कळत नव्हतं थोडंच? तो तिकडे फिरकायचाच नाही. तिथं जमिनीवर पेंढा अंथरणं, माती घालणं, सगळं त्याची बायको फुसाए बघायची.

यंदा कोंब खणायला पाहुणे आले होते. त्यांत ओसाकाच्या मिझोगुचीबाई, तोंडाला विश्रांती नाही.

"आजोबा, हा कोंब मोडला हो माझ्या हातनं."

"असू दे. रानडुक्करसुद्धा तुमच्यापेक्षा जपून खणतं," इसाकु म्हणाला. बाई खळखळून हसल्या, आणि मग मान वर करून पाहू लागल्या.

"वर कोण आहे हो? किती जोरात हलवतंय."

इसाकुची कुदळ थांबली. सात वर्षं त्याला वाटत होतं, हा आवाज आपल्याच डोक्यात आहे.

"वारा असेल."

"कसला वारा? पान हलत नाहीये इथं." आणि बाई चढू लागल्यासुद्धा. इसाकुला मागोमाग जावंच लागलं.

वर कुणी नव्हतं. पाचही बांबू मात्र अजून डुलत होते. बाई बांबूंच्या मागच्या बाजूला गेल्या. "अहो, इथं कोरलंय की. हेईसेई तीस, मागच्या सम्राटाचं तिसावं साल, म्हणजे सात वर्षं झाली. खाली इसाकु. कोण हो हा? निवड झकास आहे त्याची."

इसाकु मागं गेला. खिळ्यानं कोरलेली, काळवंडलेली अक्षरं. हात तेप्पेईचा, नाव बापाचं. पाचही बांबूंवर. पोरगं रागावून गेलं नव्हतं, निवडीचा मान बापाला देऊन गेलं होतं.

रात्रीच्या जेवणाला त्यानं बायकोला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या वर्षापासून." फुसाएनं सूप वाढलं.

"मग बोलली का नाहीस?"

"वर्ष कोरलेलं दिसलं की तुम्ही कापणार. तुमचा नियम म्हणजे ब्रह्मवाक्य. आणि कापल्यावर त्यानं यायचं कुठं?"

इसाकुनं वाडगा तसाच खाली ठेवला.

ऑक्टोबरात तो करवत घेऊन चढला. चार कापले. पाचव्याला हात लावला तर तो तळव्याखाली हलत होता. खाली फुसाए पाठ फिरवून उभी होती.

"बरोबर निवडलेस रे," इसाकु म्हणाला. "माझं चुकलं."

हलणं थांबलं. इसाकु बराच वेळ बुंधा धरून राहिला आणि मग त्यानं तो कापला.

पुढच्या वसंतात त्या कोपऱ्यात पांढरेशुभ्र, लोण्यासारखे कोंब आले. आवाज मात्र आला नाही. फुसाए हातातलं काम टाकून ऐकत बसायची. इसाकुही ऐकायचा, तिला सांगायचा नाही, इतकंच.

त्यानं तिथं एक कोंब राखला. मे महिन्यात बुंधा धरून हलवला. शेंडा तुटून पडला तरी त्याचे हात थांबेनात, तो हलवतच राहिला.

खालून टोपली पडल्याचा आवाज आला. फुसाए धापा टाकत, पेंढ्यात पाय रुतवत वर येत होती.

"तेप्पेई? आले रे, थांब."

बुंध्याशी नवरा दिसला, तशी ती जागीच थांबली.