पाणी तोडलं

बांगलादेश वेगळा झाला त्याच महिन्यात कर्जतजवळच्या आमच्या गावात रंगनाथ आणि छगन हे सख्खे भाऊ वेगळे झाले. बापानं लावलेली द्राक्षबाग ती केवढी, चार ओळींची. तिच्या मधोमध हद्दीचा दगड आला. आई भागूबाई एक महिना याच्याकडे, एक महिना त्याच्याकडे, अशी समसमान वाटली गेली. विहीर तेवढी सामाईक राहिली.

शिमग्यात बापाचं वर्षश्राद्ध होतं. त्या दिवशी दोघांनी एका पंगतीत बसून बापाच्या बागेतली द्राक्षं खावीत, एवढंच म्हातारीचं मागणं होतं.

उरलेल्यांना गोडी यावी म्हणून धाकट्या छगननं निम्मे घड कोवळेपणीच काढून टाकले. रंगनाथनं एकालाही हात लावला नाही. त्याचा मांडव लग्नघरासारखा भरला, पण मणी पिकेनात. पाणी कमी पडतंय असं ठरवून तो रोज पाट सोडू लागला. छगननं गोडी उतरावी म्हणून काढणीआधी पाणी तोडलं होतं. ओल हद्दीखालून त्याच्याकडं गेली आणि त्याचे मणी तडकू लागले.

"दादा, पानी तोड. माझी मुळं तुज्या रानातलं पित्यात."

"मंग मुळांला सांग की. वाटनीला ती हजर न्हवती व्हय?"

छगननं हद्दीवर कमरेइतका खोल चर खणला. पाणी थांबलं, दोघांच्या वेलींची मुळंही तुटली. छगनचे तडकलेले मणी सडले, रंगनाथचे हिरवेच सुरकुतले.

श्राद्धाला भागूबाईनं कर्जतच्या बाजारातून द्राक्षं आणली, परातीत मांडली, पण कुठून आणली ते सांगितलं नाही. भाऊ मधे एक पाट रिकामा सोडून बसले.

"आंबाट," रंगनाथ म्हणाला. "छगन्याची दिसत्यात."

"पानचट," छगन म्हणाला. "दादाच्या पान्याची."

वाटणीनंतर पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं.

म्हातारीनं एक मणी चाखला. गुळासारखा होता.

"बाजारची हायत," ती म्हणाली, आणि गाठोडं बांधून चराकाठच्या राखणीच्या खोपीत राहायला गेली. दोन्ही घरांतून पाण्याचा तांब्या आला. तिनं दोन्ही तांबे चरात ओतले.

"गोडी येस्तवर पानी तोडलंय."

चैतात ती गेली. खांदा द्यायला दोघंही आले. एक डावीकडून, एक उजवीकडून, हद्द पाळून.