तिसरा ओळखीचा

शिवांजली काही येडी नव्हती. नवऱ्याच्या माराला कंटाळून भूमहून पळाली, तुळजापुरात दगडाबाईच्या लॉजवर चादरी धुवायला राहिली. मोबाइलवर खातं उघडलं तेही 'आई राजा' नावानं, फोटोच्या जागी देवी. असली खाती तुळजापुरात ढिगानं. "सापडलीस तर जित्ती ठेवत न्हाय," असं नवरा, रणधीर, म्हणाला होता, आणि तो बोलेल ते करणारा माणूस होता. दगडाबाईला तिनं सगळं सांगितलं, फक्त नवऱ्याचं नाव तोंडातून निघालं नाही. बायकांनी घ्यायचं नसतं ना.

मित्र तीनच केले. भूमची शाळासोबतीण समृद्धी, ढोकीचे लिंबाजीमामा, आणि दगडाबाई. जिचं अन्न खायचं तिला नाही कसं म्हणायचं? तिघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं, म्हणून ही निर्धास्त.

सोमवारी फोन उघडला तर 'तुमच्या ओळखीचे असू शकतात', आणि खाली रणधीर. सामायिक मित्र एक, समृद्धी. तिनं फोन पालथा ठेवला. पण समृद्धीला निम्मं भूम ओळखतं, असं तिनं मनाला समजावलं.

मंगळवारी सामायिक मित्र दोन झाले, दुसरे लिंबाजीमामा. जावयाला नाही म्हणायची मामांची छाती कुठली?

बुधवारी गच्चीवर चादरी वाळत घालताना तिच्या डोक्यात उजेड पडला. समृद्धी भूमची, मामा ढोकीचे. रणधीर सोडला तर दोघांनाही ओळखणारं माणूस एकच, ती स्वतः. आणि तो जसा तिला दिसला, तशी त्या दोघांच्या नावासकट 'आई राजा' त्यालाही दिसली असणार. बाईनं नाव झाकलं, तोंड झाकलं, माणसं तेवढी उघडी ठेवली. आणि तिच्या यादीत तिसरी होती दगडाबाई, लॉजच्या पाटीच्या फोटोसकट. खातं पुसायच्या आधी तिनं पुन्हा बघितलं. तीन झाले होते.

ती धावत खाली आली. दगडाबाई गल्ल्यावर बसली होती.

"मावशी, तुमी रणधीरला जोडलं?" आयुष्यात पहिल्यांदा ते नाव तिच्या तोंडून निघालं.

"व्हय की. देवीच्या यात्रेकरूला म्या कधी न्हाय म्हणत न्हाय. लई नरम बोलला बघ. खोली मागितली, दिली."

"कवासाठी?"

"आजच. सात नंबरात उतरलाय. चादर मागत होता, म्हणलं पोरगी गच्चीवर हाय, धाडते."

जिन्यावर चपला वाजल्या. तो आवाज शिवांजलीला भूमपासून पाठ होता.