तारेच्या आतला दगडी पाला

मी दगडी पाला बोलतोय. इकडेतिकडे बघू नका, पायाखाली बघा. तुम्ही आत्ता माझ्यावरच उभे आहात. असू द्या, सवय आहे मला.

शेवंती आणि सूर्यफूल माझ्याच कुळातली. शेवंती देवाच्या डोक्यावर बसते, सूर्यफुलाकडे लोक मान वर करून बघतात, आणि मला खुरपं दाखवतात. खरं तर माझी ओळख सोपी आहे. जमिनीवर पसरलेल्या फांद्या, खरखरीत केसाळ पानं. मधून वीतभर उंच एकच दांडी, तिच्या टोकाला बटणाएवढं पिवळं फूल. भोवती पाचेक पांढुरक्या पाकळ्या, प्रत्येकीला तीन दाते. तरीही मला कोणी ओळखलं नाही, त्याचीच ही हकीकत.

तीन वर्षांपूर्वी, पंचावन्न साली, पिंपरीच्या माळावर नवी कंपनी उभी राहिली. मोशीचा भिमाजी तिथे हंगामी माळी होता. व्यवस्थापक लक्ष्मणराव साहेबांना फाटकापुढचा उघडा मुरूम डोळ्यांत खुपायचा. त्यांनी विलायतेहून बियांचा डबा मागवला. कमी पाण्यावर जमीन झाकणारी फुलझाडं, असं त्यावर छापलं होतं म्हणे. पाडव्याला मोठे पाहुणे येणार होते. तोवर माळ हिरवा झाला तर भिमाजी कायम, नाहीतर घरी, असं साहेबांनी स्वच्छ सांगितलं. पाणी मिळणार दिवसाला दोन झाऱ्या, बाकीचं यंत्रांना.

भिमाजीने जीव लावून बी पेरलं. तिसऱ्या दिवशी मुंग्यांनी ते रांगेने वारुळात नेलं. मी बघत होतो, पण मला कोण विचारतो. तो बिचारा रोज दोन झाऱ्या घालत राहिला आणि ते पाणी मी प्यालो. जन्मात पहिल्यांदाच मला कोणी पाणी घालत होतं. मला इतकं भरून आलं की दोन महिन्यांत मी सगळा मुरूम झाकून टाकला.

साहेब खूश झाले. भिमाजी तर माझ्या पानांवरची धूळ फडक्याने पुसू लागला. मग एके दुपारी त्याची बायको मंजुळाबाई भाकरी घेऊन आली. तिने माझं एक पान चुरगळून वास घेतला आणि मटकन खाली बसली.

"अवो, ह्यो तर आपला दगडी पाला हाय. बांधावरचा."

भिमाजीचा घास तोंडातच राहिला. जन्मभर त्याने मला उपटलं होतं, पण पाणी प्यालेला मी त्याने कधी पाहिलाच नव्हता. आता उपटावं तर माळ उघडा, आणि सांगावं तर नोकरी जाते. पाडवा होईस्तोवर गप राहा, असं मंजुळाबाईने बजावलं.

पाडव्याला पाहुण्यांबरोबर पुण्याचे वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक आले. भिंग काढून ते माझ्यापुढे चक्क गुडघे टेकून बसले. भिमाजी एकेक पाऊल मागे सरकत होता. मला त्याचे पाय जवळून दिसत होते, म्हणून सांगतो. प्राध्यापकांनी माझ्या पाकळीचे दाते मोजले आणि एक लांबलचक लॅटिन नाव घेतलं. साहेबांनी विचारलं, परदेशीच ना?

"मूळची अमेरिकेची," प्राध्यापक म्हणाले.

ते खरंच आहे. माझे वाडवडील कधीकाळी तिकडून आले. आता ही वनस्पती इथल्या प्रत्येक बांधावर आहे, असंही प्राध्यापक सांगणार होते, पण साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि ते राहून गेलं. भिमाजी त्याच दिवशी कायम झाला.

माझ्याभोवती काटेरी तार आली, पाटी आली. वर लॅटिन नाव आणि खाली 'हात लावू नये'. तारेबाहेर मात्र मी तणच. परदेशी झाडात गावठी तण शिरता कामा नये, असा साहेबांचा हुकूम आहे. म्हणून भिमाजी सकाळी आतल्या मला पाणी घालतो आणि मग बाहेरच्या मला उपटतो. उपटताना तो माझ्याकडे बघत नाही.

काल खुरपं त्याच्या बोटाला लागलं. रक्त थांबेना. अशा जखमेवर इकडची माणसं माझाच रस पिळतात. त्याने पाटीकडे पाहिलं, खिडकीतल्या साहेबांकडे पाहिलं, आणि उपटून टोपलीत टाकलेला मी मुकाट्याने उचलून बोटावर चोळला. रक्त थांबलं.

"माफ कर बाबा," तो पुटपुटला.

केलं माफ. त्याची नोकरी राहिली, याचा मला खरोखर आनंद आहे. फक्त तारेबाहेर माझं एखादं रोप दिसलं, तर तेवढं राहू द्या. पाटीवाल्या माझा रस कोणाच्या जखमेला लागणार आहे? आणि आता जरा पाय उचला. टाचेखाली एक कळी आहे, ती उद्या फुलायची आहे.